लुळी बाजू

औषधाच्या दुकानात बाबांसाठी मोठ्यांचे डायपर मागून धाकटी काउंटरपाशी उभी होती, तेव्हा पोट साफ करणाऱ्या पावडरीच्या डब्यावरचा म्हातारा तिच्याकडे बघून हसला. छापलेलाच म्हातारा तो, जाड भुवयांचा, पोटावर हात ठेवलेला. पण हसू ओळखीचं होतं. उजवीकडचा कोपरा किंचित वर, त्याच्या बुडाशी नखानं खूण केल्यासारखी बारीक खळी, आणि दातांची एकच सलग पांढरी पट्टी. दात सुटे काढायचे नाहीत, पट्टी काढायची, म्हणजे लहान मुलं बिचकत नाहीत, हे ती स्वतःच प्रकाशनातल्या नव्या चित्रकारांना शिकवायची. शाळेच्या पुस्तकांसाठी तिनं ते हसू इतकी वर्षं काढलं होतं, की तिच्या हाताखालून गेलेली माणसं एकत्र आणली असती तर एखादं गाव वसलं असतं आणि त्या गावात औषधालाही रडवा माणूस सापडला नसता. नळावरची बाई हसायची, पोस्टमन हसायचा, तापानं फणफणलेला मुलगा तोंडात थर्मामीटर धरून हसायचा. ‘आग लागल्यास काय कराल’ या धड्यात तर धुराच्या लोटाशेजारी उभं राहून अख्खं कुटुंब हसत होतं, आणि संपादक म्हणाले होते, “वा! चेहरे असे प्रसन्न हवेत. आग तेवढी जरा लहान करा.” आता कुणीतरी ते हसू उचललं होतं आणि कोठा मोकळा झालेल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर नेऊन डकवलं होतं. “हवंय का ते?” दुकानदारानं विचारलं. “चांगलंय. सकाळी एकदम मोकळं.” ती “नको” म्हणाली. तिच्या तोंडात आंबट पाणी सुटलं होतं. चोरी झाली म्हणून राग यायला हवा होता, तो आला नाही. किळस आली, आणि तीही चोराची नव्हे. आपली चप्पल कुणीतरी घालून गेल्यावर तिच्या आतला आपल्याच टाचेचा काळा डाग पहिल्यांदा दिसावा, तशी.

घरी येईपर्यंत ते तिला आणखी कुठं कुठं दिसलं. झुरळांच्या औषधाच्या जाहिरातीवर, बँकेच्या काचेवर, दवाखान्याच्या भिंतीवर हात धुणाऱ्या नर्सच्या तोंडावर. त्यातली सगळीच काही तिच्यावरून उचललेली नसतील. कदाचित तिनंच ती कुठूनतरी उचलली असतील. आता कोंबडी आधी की अंडं, कोण सांगणार. चाळिशी उलटली तरी घरात तिला धाकटी म्हणत. लग्न केलं नव्हतं, आई गेल्यावर बाबांबरोबर राहायची, आणि बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून नोकरी अर्ध्या दिवसाची करून घेतली होती. तेवढा वेळ एक बाई येऊन त्यांना सांभाळत. त्या दिवशी बाई गेल्यावर ती टेबलाशी बसली आणि न हसणारा एक चेहरा काढायचा म्हणून तिनं पेन्सिल घेतली. कपाळ आलं, नाक आलं, आणि ओठांशी येताच हात आपसूक वळला. खोडलं. पुन्हा काढलं. मुद्दाम कोपरा खाली ओढला, तर खळी तिथं हजर. रडव्या तोंडाखाली ती खळी अशी दिसायला लागली, की जणू माणूस रडायचं नाटक करतोय. कलाशाळेत तिचे एक मास्तर म्हणायचे, “शैली शैली करून डोकं पिकवू नका रे. शैली म्हणजे हाताला लागलेली खोड. चांगली खोड लागली तर नशीब.” तेव्हा सगळे हसले होते. तिनं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मधल्या बोटाला पेन्सिलीचा घट्टा, नखांत शाई. नखं कुरतडणाऱ्या पोराचा हात असावा, तसा तो तिला दिसला. अशा पोराच्या बोटांना कडू काहीतरी चोळतात. पण हाताला काय चोळणार?

तेव्हा हातानं काढायचंच नाही, असं तिनं ठरवलं. कात्री घ्यायची. कात्रीला खोड नसते. जे आहे ते कापते. रद्दीवाल्याकडून तिनं मासिकांचे गठ्ठे आणले, पीठ शिजवून खळ केली, पुठ्ठे कापून ठेवले आणि तोंडं कापायला लागली. फक्त तोंडं. नट्यांची, पुढाऱ्यांची, आइस्क्रीम खाणाऱ्यांची, टूथपेस्टवाल्यांची. जुन्या कागदाला कुणाच्या तरी उशीसारखा कुबट वास यायचा; पानं उलटताना कुणी बोटाला थुंकी लावून उलटलेल्या खुणा कोपऱ्यांवर असायच्या. कापलेली तोंडं तिनं बुटांच्या खोक्यात साठवली. एकदा खोकं उघडलं तर ती सगळी एकमेकांना चिकटून बसली होती, ओठात ओठ, गुलाबी, चकचकीत, आणि तिला मासळीबाजारातल्या कल्ल्यांची आठवण झाली. पण ती थांबली नाही. एका पुठ्ठ्यावर तिनं शंभरेक तोंडं माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसवली. दुसऱ्यावर तोंडांचा जिना केला. तिसऱ्यावर एका बाईला तोंडांचा कोट घातला. रात्रीच्या खळीला सकाळपर्यंत आंबूस वास सुटायचा, तो बोटांना दिवसभर राहायचा, आणि प्रकाशनात प्रसन्न चेहरे काढताना तो हुंगून तिला बरं वाटायचं. कामाच्या वेळेत चोरून दारू प्यायल्यासारखं.

चित्रांचं दालन चालवणाऱ्या एक बाई तिच्या जुन्या ओळखीच्या होत्या. कलाशाळेत एक वर्ष पुढं, स्वतः चित्र काढणं लवकर सोडलेल्या आणि म्हणून नजर शाबूत राहिलेल्या. त्या बघायला आल्या. चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक पुठ्ठ्यापुढं वाकल्या, चहा प्यायल्या, आणि म्हणाल्या, “छान आहे गं. खरंच छान आहे.” धाकटीला तेव्हाच कळलं. “पण?” तिनं विचारलं. “पण मी हे पाहिलंय. कुठं विचारशील तर सांगता येणार नाही. सगळीकडे पाहिलंय. ह्यातलं एक झाकून दुसऱ्या कुणाच्या नावानं लावलं, तर चालून जाईल.” त्यांनी कपबशी खाली ठेवली. “हात सोडलास ते बरं केलंस. पण डोळा कुणाचा वापरतेयस?” त्या गेल्यावर धाकटीनं खवल्यांचा पुठ्ठा पुन्हा बघितला आणि तिला आपलीच लाज वाटली, पार्टीत आपण सांगितलेला विनोद दुसऱ्या कोपऱ्यात कुणीतरी आधीच सांगून हशा मिळवलेला असावा, तशी. हातानं काढलं तर पावडरीचा डबा, कात्रीनं कापलं तर दुसऱ्याचा डोळा. मग आपलं असं काय? आपली भूक? आपला वास? आतल्या खोलीतून बाबांनी पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा आपटला. जेवायची वेळ झाली होती.

बाबांना भरवणं ही गोष्ट धाकटी मनातल्या मनात एका दमात करून टाकायची, जसं आपण साचलेल्या पाण्यातून पाय न बघता पटकन जातो. दुधात कुस्करलेला पाव, नाहीतर घोटलेला बटाटा, नाहीतर केळं. त्यांचा उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता, वाचा बरीचशी गेली होती आणि तोंडाची उजवी बाजू मेण वितळावं तशी खाली आली होती. घास त्या बाजूला गेला, की तिथंच राहायचा. मग तिला बोट घालून तो गालाच्या आतून काढावा लागायचा. आतला तो ओला, गरम, ढिला गाल. बोटाला लागणारा, न चावलेला, पण तोंडातच राहून आंबलेला लगदा. ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर उतरणारी आणि तिथं थांबून लांबत जाणारी लाळ. ती पुसताना धाकटी खिडकीबाहेर बघायची. वर बोलायची, “झालं, झालं, एवढा एकच,” आणि आतून तिचं सगळं अंग मागं सरायचं. ह्याच बाबांनी तिला लहानपणी ताटावरून उठवलं होतं, मचमच वाजवते म्हणून. “तोंड मिटून खा. माणसासारखं.” ते कापडाच्या मोठ्या दुकानात विक्रीला होते, सूटच्या कापडाच्या विभागात, आणि दिसायला इतके नेटके, की नवखी गिऱ्हाइकं त्यांनाच मालक समजायची. कामावरून आले, की कॉलर काढून ठेवावी तसे बोलणं काढून ठेवायचे. आई म्हणायची, “दुकानात दात, घरात ओठ.” आजारानंतर पहिलं काम दादानं काय केलं असेल, तर घरातले आरसे काढून नेले. न्हाणीघरातला, कपाटाच्या दारावरचा, दाढीचा लहानसुद्धा. “त्यांना सोसायचं नाही,” तो म्हणाला होता, आणि त्या एका बाबतीत धाकटीला तो शहाणा वाटला होता.

मग एके दुपारी डॉक्टर आले. तरुण होते, मोठ्यानं बोलणारे. ऐकू कमी येणाऱ्याशी आणि बोलता न येणाऱ्याशी एकाच आवाजात बोलायचं असतं अशी त्यांची समजूत असावी. “काय काका! आज फ्रेश दिसताय!” असं म्हणून ते आत शिरले, आणि बाबा हसले. म्हणजे हसायला गेले. पाहुणा दारात दिसला की चेहऱ्यानं काय करायचं हे त्या चेहऱ्याला चाळीस वर्षं पाठ होतं. डावी बाजू लागलीच कामाला लागली; कोपरा वर गेला, त्याच्या बुडाशी खळी उमटली, बारीक, नखानं खूण केल्यासारखी. उजव्या बाजूला कुणी काही कळवलंच नव्हतं. ती तशीच लोंबत राहिली, ओली. धाकटी समोर वाटी घेऊन उभी होती. बाबांचा डावा कोपरा तिच्या समोरून उजवीकडे पडत होता. कागदावर पडायचा तिथंच. तिच्या हातातली वाटी कलंडली आणि दूध पायावर सांडलं, ते तिला डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं. लहानपणी शाळा सुटल्यावर ती बाबांच्या दुकानात जायची, तागे ठेवायच्या फळीखाली बसायची, आणि कापडाच्या ताग्यातून निघालेल्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढायची. वर बाबा उभे असायचे. गिऱ्हाईक आलं, की तो चेहरा लागायचा. गिऱ्हाईक वळलं, की विझायचा, आणि विझल्यावरचा चेहरा इतका थकलेला, इतका सगळ्यांचा वीट आलेला असायचा, की ती खाली बघून घाईघाईनं लागलेला चेहरा काढायची. तो टिकावा म्हणून. घरी कधी मिळाला नाही तो. म्हणजे एवढी वर्षं ती मुलांच्या पुस्तकांतून, गावभरच्या भिंतींवरून, सूट विकत होती. डॉक्टर म्हणाले, “बघा, प्रगती आहे. हसले ना?”

त्या रात्री भरवताना तिनं खिडकीबाहेर बघितलं नाही. बाबांच्या तोंडाकडे बघितलं. किळस तशीच होती, उलट दुप्पट; पण आजवर ती किळशीकडे पाठ करून उभी होती, आता समोरून बघितल्यावर तिला त्यात आकार दिसायला लागले. खालचा ओठ उजवीकडे जाता जाता सैल होत होता आणि शेवटी दोरी सुटलेल्या पिशवीच्या तोंडासारखा नुसताच उघडा राहत होता. लाळेच्या थेंबात दिवा होता. जिभेच्या कडेवर पावाचा पांढरा कण. हे कुणीच काढलेलं नव्हतं. हे कुठल्याच मासिकात नव्हतं. तिनं मांडीवरचा फोन उचलला आणि, त्यांना घास देता देता, जवळून फोटो काढला. बाबांनी डोळ्यांनी विचारलं. “डॉक्टरांना दाखवायला,” ती म्हणाली, आणि खोटं इतकं सहज आलं की तिलाच नवल वाटलं. मग रोज. घास घेताना, गिळताना, घास बाहेर आल्यावर, झोपेत. फोटो छापणारा माणूस पहिल्या खेपेला म्हणाला, “ताई, हे काय, ऑपरेशनचं आहे का?” दुसऱ्या खेपेला त्यानं प्रिंट उलटे करून पाकिटात घातले आणि पाकीट दोन बोटांनी पुढं सरकवलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून धाकटीला कितीतरी दिवसांनी उमेद आली. पुठ्ठ्यावर बसवताना ती प्रत्येक तोंड मधोमध कापायची आणि डावी बाजू टाकून द्यायची. चांगली, शहाणी, खळीवाली बाजू टोपलीत. लुळी बाजू तेवढी ठेवायची. लुळीला लुळी जोडली, की नवंच काहीतरी व्हायचं. फळ म्हणावं तर फळ नव्हे, जखम म्हणावी तर जखम नव्हे. तिनं त्यांवर पिठाच्या खळीचाच थर दिला, वरून ओलं दिसावं म्हणून. असे पुठ्ठे भराभर झाले. काम करताना ती गुणगुणत असायची. मधेच बाबांचा चमचा वाजायचा आणि ती चिडून म्हणायची, “आले, आले,” जणू तिच्या चित्रात कुणी परका माणूस लुडबुड करत होता.

दालनवाल्या बाई पुन्हा आल्या. ह्या वेळी चष्मा कपाळावर गेला नाही. त्या एक पाऊल मागं सरल्या, मग पुढं आल्या, मग म्हणाल्या, “शी!” आणि तोंडावर हात ठेवला. थोड्या वेळानं हाताआडून म्हणाल्या, “हे तुझंच. हे दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. कोण आहे हा?” धाकटी म्हणाली, “कुणी नाही. तोंडं आहेत.” भिंतीपलीकडे बाबा घोरत होते. बाईंनी तिकडे बघितलं, मग हिच्याकडे, आणि मग पुठ्ठ्याकडेच बघत म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात मोठी भिंत रिकामी आहे. पण मला खरं सांग, विचारलंयस ना?” धाकटीनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे बाईंनी आपल्या सोयीनं ठरवलं, आणि धाकटीनंही.

दादा रविवारी यायचा. फळं आणायचा, बाबांची दाढी करायचा, आणि धाकटीनं हे कसं केलं नाही, ते कसं करायला हवं हे सांगून जायचा. त्या रविवारी वस्तऱ्याचं पातं शोधायला तो तिच्या खोलीत गेला. बराच वेळ आवाज आला नाही. मग तो पुठ्ठा घेऊनच बाहेर आला, दोन्ही हातांत, अंगापासून लांब धरून, मेलेला उंदीर कागदावर घेऊन जातात तसा.

“हे काय आहे?”

“ठेव ते, दादा. प्रदर्शनाचं आहे.”

“हे काय आहे विचारतोय मी. हे बाबांचं तोंड आहे! दर रविवारी दाढी करताना... ह्या तिळावरून कळत नाही का मला? तू माणूस आहेस की कोण?”

“ओरडू नकोस.”

“तू भिंतीवर लावणार हे? चार लोक येऊन बघणार? बाबा उभ्या आयुष्यात बिनइस्त्रीच्या शर्टानं जिना उतरले नाहीत, आणि तू त्यांचं हे... हे...” त्याला शब्द सापडेना. धाकटीला वाटलं, सापडणार नाही, मीसुद्धा तोच शोधतेय. आणि मग दोघांनाही एकदमच कळलं, की दादा खुर्चीसमोर उभा आहे आणि पुठ्ठ्याची तोंड असलेली बाजू बाबांकडे आहे. बाबांच्या अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता. त्यांनी डावा हात पुढं केला. दादानं पुठ्ठा पाठीमागं लपवला, शाळकरी पोरानं लपवावा तसा. हात पुढंच राहिला. त्या हातापुढं दादाचं काय, दुकानाच्या मालकांचंही कधी चाललं नव्हतं. त्यानं पुठ्ठा दिला.

बाबांनी तो मांडीवर ठेवला आणि बघत राहिले. आधी त्यांना कळलं नाही, हे धाकटीला दिसलं. मग त्यांचा डावा हात गालाकडे गेला, उजव्या, लुळ्या गालाकडे, तिथून ओठावर, ओठावरून पुन्हा पुठ्ठ्यावर. आंधळा दोन वस्तू चाचपून ताडून बघतो तसं त्यांनी बोटानं ते पक्कं केलं. आजारपणानंतर पहिल्यांदा ते स्वतःला बघत होते, आणि बघत होते ते असं, डावी बाजू कापून टाकलेलं. शब्द तोंडातून निघायला वेळ लागला. “घा... ण,” ते म्हणाले. मग पुन्हा, स्पष्ट, “घाण.” दादा तिच्याकडे बघून म्हणाला, “ऐकलंस?” त्याला तो निकाल वाटला होता. धाकटीला मात्र दिसत होतं, की बाबांनी चित्राला घाण म्हटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत तीच किळस होती, जी ती इतके महिने खिडकीबाहेर टाकत होती. फक्त त्यांना त्या तोंडापासून मान वळवायची सोय नव्हती.

त्यानंतर ते तिच्या हातून जेवेनात. सांभाळणाऱ्या बाईंच्या हातून थोडंसं खायचे. धाकटी वाटी घेऊन आली, की ओठ मिटायचे. लुळी बाजू मिटायची नाही, म्हणून डावा हात वर आणून तिच्यावर दाबून धरायचे. तसे ते बसलेले, तोंडावर पंजा, आणि समोर ही चमचा धरून. “बाबा, थोडंसं,” ती म्हणायची. ते भिंतीकडे बघायचे. एकदा त्यांच्या बोटांच्या फटीतून लाळ उतरून मनगटावर आली आणि सवयीनं तिच्या मनात आलं, वरून उजेड कसा पडलाय. आणि तिला स्वतःच्याच डोळ्यांची अशी शिसारी आली, की तिनं वाटी तिथंच ठेवली, बाहेर येऊन दालनवाल्या बाईंना फोन लावला आणि सांगितलं की चित्रं नाहीत. “नाहीत म्हणजे?” “नाहीत. द्यायची नाहीत.” बाई म्हणाल्या, “विचारलं नव्हतंस तर. मलाही कळायला हवं होतं. कळलंच होतं, खरं म्हणजे.” आणि थोड्या कोरडेपणानं, “मग भिंत दुसऱ्याला देते. थांबता नाही येणार मला.” “द्या,” धाकटी म्हणाली. तिला वाटलं होतं, एवढं केल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. त्याग केल्यासारखं काहीतरी वाटलं, आणि त्यालाही तोच जुना वास होता, लोकांसमोर घालायच्या कपड्यांचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सांभाळणाऱ्या बाई गेल्यावर, बाबांनी चमचा वाजवला. ती गेली तर त्यांनी तिच्या खोलीकडे बोट केलं. तिनं पाणी विचारलं, पांघरूण विचारलं. त्यांनी मान हलवली आणि हवेत चौकोन काढला. तिनं सगळे पुठ्ठे आणून त्यांच्या पायापाशी ठेवले. त्यांनी वरचा आपल्या मांडीवर ठेवायला लावला आणि अंगठ्याच्या नखानं एका ओठाची कड उकरायला लागले. खळ सुकली होती, निघेना. धाकटीनं ओलं फडकं आणून पुठ्ठ्यावर ठेवलं, दाबलं, थोडा वेळ वाट बघितली. फडकं उचललं तेव्हा कागद फुगला होता, आणि बाबांनी पुन्हा नख लावलं. डाव्या हाताला ते काम माहीत नव्हतं. आयुष्यभर कापड मोजलं, उलगडलं ते उजव्यानं. हा नुसता सोबतीला असायचा. तो थरथरत, अडत, मधेच खोल जात, मधेच निसटत चालला होता. ओठ निघाला, पण सगळा नाही. अर्धा थर निघाला, खाली कागदाचे पांढरे तंतू उभे राहिले, एका जागी फोटोतली काळी सावली तेवढी राहिली, एका जागी पुठ्ठा सोलून पिवळा निघाला. ते तोंड राहिलं नव्हतं. कुणाचंच नव्हतं. पण तिथं काहीतरी होतं हे झाकतही नव्हतं. धाकटी गुडघ्यांवर बसून बघत होती. इतके महिने ती जे शोधत होती ते हे होतं, आणि ते बाप आपल्या लाजेला नखं लावत असताना तिला दिसत होतं, आणि दिसायचं थांबत नव्हतं. “बाबा,” तिच्या तोंडून निघून गेलं, “तेवढं राहू द्या. तेवढ्यावर थांबा.” त्यांनी वर बघितलं. तिला वाटलं, ती नुसतं चित्र बघतेय हे ओळखलं त्यांनी. गिऱ्हाईक कापड बघतंय की नुसतं चाचपतंय, हे ते दुरून ओळखायचे. ते थांबले नाहीत. ती जागा खरवडून खरवडून त्यांनी पुठ्ठ्याला भोक पाडलं, बोट आरपार घातलं, आणि मग पुढच्या तोंडाकडे वळले.

एक पुठ्ठा पुरता सोलून होईपर्यंत ते दमले. नखाखाली काळं साचलं होतं, हनुवटी ओली झाली होती आणि त्यांनी ती झाकलीही नव्हती. त्यांनी दुसरा पुठ्ठा तिच्याकडे ढकलला. “तू,” ते म्हणाले. “तू... काढ.” तिनं फडकं ठेवलं, वाट बघितली आणि उजव्या हातानं सोलायला घेतलं. ओठ अलगद निघाला, कडेकडेनं, एका वळणात, इतका सुबक, की तिनं तो तसाच टाकून दिला. मग हात बदलला. डावा हात कागदाशी पोहोचला आणि त्याला काय करायचं ते सुचेना. तो नुसताच ओरबाडायला लागला. हेही बाबांचंच उचललं आपण, तिच्या मनात आलं. हसू त्यांचं, आता खरवडणंही त्यांचंच. असू दे. त्या विचारानं पूर्वीसारखं तोंडात पाणी सुटलं नाही. किंवा सुटलं असेल, तिकडे लक्ष नव्हतं. ओला लगदा बोटांना, मनगटाला, गुडघ्याला चिकटत होता, खळीचा आंबूस वास खोलीभर झाला होता, आणि बाबा खुर्चीत पुढं वाकून बघत होते, आणि कुठं राहिलं ते डाव्या बोटानं दाखवत होते. “इ... थं.” ती तिथं जायची. एका पुठ्ठ्यावरचं एक तोंड सोलून अर्धं झालं तेव्हा तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, बोट उचललं, आणि त्याला सोडून बोट पलीकडच्या तोंडावर ठेवलं. ते तिला हवं होतं म्हणून सोडलं, की त्यांना हवं होतं म्हणून, की हात दुखला म्हणून, हे तिनं ठरवून टाकलं नाही.

ऊन खिडकीतून उतरून पलंगाखाली गेलं होतं. जमिनीवर कागदाचा ओला राडा झाला होता. बाबांनी पोटावर हात ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. तिला आधी कळलंच नाही. मग ती गडबडीनं उठली, स्वयंपाकघरातून दुधातला पाव घेऊन आली, खुर्चीसमोर बसली आणि तिनं चमचा भरून पुढं केला. बाबांचा हात मांडीवरच राहिला. त्यांनी चमच्याकडे बघितलं, मग चमचा धरलेल्या बोटांकडे, ज्यांना काळा, चिकट, आंबलेला लगदा नखांपर्यंत माखला होता, आणि त्यांचं अख्खं तोंड, चालणारं आणि न चालणारं, तिरस्कारानं मागं सरलं.

“शी,” ते म्हणाले. मग श्वास घेतला, शब्द जुळवले, आणि ताटावरून उठवायचे त्याच आवाजात म्हणाले, “आधी... हात धू.”